केर : मरुभूमीतील आधारवड ठरलेले झुडूप

केर (शास्त्रीय नाव : कॅपॅरिस डेसिड्युआ) हे राजस्थान, गुजरात, हरियाणा व पंजाबच्या कोरड्या पट्ट्यात वाढणारे काटेरी फळझुडूप आहे. हिंदीत त्यास करील, तर मराठीत नेपती म्हणतात. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागातही ते आढळते. मात्र रोजच्या आहारात त्याला मानाचे स्थान लाभले ते पश्चिम राजस्थानात.

कोवळ्या फांद्यांवर येणारी केरची बारीक पाने लवकरच गळून पडतात. त्यामुळे बाष्पीभवन घटते आणि अन्ननिर्मितीचे काम हिरव्या फांद्या करतात. खोल मुळांच्या बळावर हे झुडूप कडक उन्हाळ्यातही लाल फुलांनी बहरते. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात. लाकूड कठीण असून त्याला सहसा वाळवी लागत नाही.

कच्ची हिरवी फळे कडू व तुरट असतात. ती काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात भिजवून त्यांचा कडूपणा घालवतात. मग त्यांचे लोणचे घालतात अथवा ती वाळवून वर्षभरासाठी साठवतात. खेजडीच्या शेंगांसोबत शिजवलेली केर-सांगरीची भाजी आणि पंचकुटा ही मारवाडची ओळख होय. वाटाण्याएवढ्या लहान फळांना सर्वाधिक भाव मिळतो. पिकलेल्या लाल फळांना ढालू म्हणतात. ती माणसांप्रमाणे पक्षीही आवडीने खातात. माळढोक पक्ष्याच्या आहारातही त्यांचा समावेश आहे.

बाजारात मागणी असली तरी केरची लागवड फारशी होत नाही. काट्यांतून एकेक फळ वेचण्याचे कष्टाचे काम प्रामुख्याने ग्रामीण स्त्रिया व मुले करतात. पावसाने दगा दिला की शेतीचे उत्पन्न बुडते. केरची फळे मात्र अशा वर्षीही या कुटुंबांच्या हाती थोडा पैसा देतात.

हा आधार आता आक्रसत आहे. ट्रॅक्टरने होणारी खोल नांगरट झुडपे मुळासकट उपटते, तर गायराने आणि ‘ओरण’ म्हणून राखलेल्या देवरायांवर अतिक्रमणे होत आहेत. बहुतांश फळे कच्चीच तोडली जात असल्याने बी जमिनीत पडण्याची संधीही कमी होते. जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था (काझरी) आणि बिकानेरची केंद्रीय शुष्क बागायती संस्था कोरडवाहू प्रदेशातील अशा वनस्पतींवर संशोधन करतात. तथापि, केर आजही मुख्यत्वे रानातूनच मिळत असल्याने ओरण व गायरानांचे रक्षण हाच त्याच्या संवर्धनाचा पहिला उपाय ठरतो.