सहा, दहा, पंधरा गोंडे

रेवदंड्याच्या किल्ल्याच्या दरवाजावर दगडात कोरलेली एक ढाल आहे. शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल आणि लगेच समुद्राकडे धाव घेतली असेल. क्रूसाच्या आकारात मांडलेल्या पाच छोट्या ढाली आणि भोवती किल्ले, हे पोर्तुगालच्या राजाचं मानचिन्ह. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, खूण राहिली.

युरोपातली ही ढालीची पद्धत आपल्या भागात आजही वापरात आहे, पण राजांकडे नव्हे, कॅथलिक चर्चमध्ये. प्रत्येक बिशपचं आणि बहुतेक धर्मप्रांतांचं स्वतःचं मानचिन्ह असतं. ते पत्रांवर, शिक्क्यांवर, निमंत्रणपत्रिकांवर दिसतं. पनवेलसह रायगड जिल्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात येतो. सीरो-मलबार पंथाच्या कुटुंबांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत झाला. गेली काही वर्षं फावल्या वेळात मी अशी चिन्हं संगणकावर नव्याने रेखाटते. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत अनेकांची कडा-रेषा पार पुसट झालेली असते.

लढाईत ढालीवरची खूण लांबून ओळखू यावी लागे. त्यातून रंगांचा नियम आला. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, बाकीचे लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. मोबाइलच्या पडद्यावर अक्षरं वाचता यावीत म्हणून आम्ही आज जे करतो, तेच हे. पुढे छपाईत रंग नसत, तेव्हा सिल्वेस्त्रो पेत्रा सांक्ता या जेझुइट धर्मगुरूने १६३८ च्या आपल्या ग्रंथात रेघांची सांकेतिक पद्धत वापरली आणि ती रूढ झाली. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी. काळ्या शाईचा साधा शिक्काही त्यामुळे रंगीत वाचता येतो.

धर्मगुरू लढाईला जात नाहीत, म्हणून त्यांच्या ढालीवर शिरस्त्राणाऐवजी रुंद काठाची टोपी असते. तिच्या दोन्ही बाजूंना गोंडे लोंबतात आणि त्यांच्या संख्येवरून पद कळतं. बिशपची टोपी हिरवी, प्रत्येक बाजूला सहा गोंडे. आर्चबिशपचीही हिरवी, पण गोंडे दहा. कार्डिनलची लाल, गोंडे पंधरा. ओळी मोजून पाहा: एक, दोन, तीन मिळून सहा; चारची ओळ वाढली की दहा; पाचची वाढली की पंधरा. गणिताच्या तासाला फळ्यावर काढलेल्या त्रिकोणी संख्याच या!

व्हॅलेरियन ग्रेशियस १९४६ मध्ये मुंबईत साहाय्यक बिशप झाले, १९५० मध्ये आर्चबिशप आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. सात वर्षांत टोपी सहावरून पंधरा गोंड्यांवर जाण्याचा हा प्रवास. वसईचं उदाहरण याहून मजेदार. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झालेला हा धर्मप्रांत बिशपचा. पण २००९ मध्ये तिथे आलेले फेलिक्स मच्याडो यांना आर्चबिशप ही पदवी व्यक्तिशः मिळालेली होती. नियमाने त्यांचे गोंडे दहाच. म्हणजे चित्रकाराने जागा नव्हे, माणूस पाहायचा. एक ओळ चुकली तर हातून कुणाची तरी बढती किंवा पदावनती होते.

नियमही बदलतात. ३१ मार्च १९६९ च्या आदेशाने बिशपांच्या मानचिन्हातून उंच मुकुट आणि धर्मदंड काढले गेले. जुना शिक्का जसाच्या तसा गिरवला तर तो आज चालत नाही.

पण या सगळ्यात माझ्यातल्या इंजिनिअरला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. मानचिन्ह मुळात चित्र नसतं, ते वाक्य असतं. पोप जॉन पॉल दुसरे यांचंच घ्या: ‘निळी ढाल, तिच्यावर एका बाजूला सरकलेला सोनेरी क्रूस, क्रूसाच्या हाताखाली सोनेरी एम.’ एम म्हणजे मरिया. क्रूस किती जाड, निळा किती गडद, हे चित्रकारावर सोपवलेलं. वर्णनाशी जुळणारं प्रत्येक चित्र तितकंच खरं. आमच्या भाषेत, स्पेसिफिकेशन कायम, कोड हवा तितक्या वेळा नव्याने लिहा. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ढालीवरचा तारा आधी पाच टोकांचा छापला गेला आणि काही दिवसांतच आठ टोकांचा झाला. तिथलंच नार्दचं फूल अनेकांना द्राक्षांचा घड वाटलं होतं. नुसतं चित्र फसवतं. शब्द सोबत असले की दुरुस्ती करता येते.

आता आपल्या शाळेच्या चिन्हाकडे पाहा. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याच्या जुन्या प्रती जमा झाल्या. बॅजवरच्या समईला पाच ज्योती आहेत, प्रगतिपुस्तकावर तीन. पुस्तक एकीकडे उघडं, दुसरीकडे मिटलेलं. मूळ कोणतं हे सांगणारी एक ओळही कुठे लिहिलेली नाही. ज्या सरांना, बाईंना ते ठाऊक आहे, त्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून ऐकून चार ओळींचं वर्णन लिहून घेऊ या: ज्योती किती, पुस्तक कसं, रंग कोणते आणि ते का. चित्र पुन्हा काढायला पुढच्या बॅचची मुलं समर्थ आहेत. फक्त काय काढायचं, ते त्यांना आपण सांगून ठेवायला हवं.