प्रवराकाठची रंगविलेली मडकी

प्रवरामाईच्या काठी जुन्या पांढरीत नांगर चालला की तांबडी, काळ्या रेघांची खापरे वर येतात. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले व त्या गावाचेच नाव या खापरांना मिळाले. पुढे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया प्रभृतींनी नेवासे येथील, म्हणजे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली त्या पुण्यभूमीतील, टेकाड खणले. तेथेही हीच खापरे निघाली. त्यांचे वय सुमारे तीन हजार वर्षे!

मडके भाजण्यापूर्वी त्यावर गाळलेल्या लोहयुक्त मातीचा पातळ लेप देत व त्यावर काळ्या रंगाने चौकटी, तिरप्या रेघा काढीत. आवा पेटला की लेप तांबडा होई व रंग अंगात मुरे. म्हणून तो आजही धुतल्याने जात नाही. हल्लीच्या बाजारी रंगाची ऐट चार पावसाळेही टिकत नाही, हे जाता जाता.

ही भांडी बहुतेक चाकावरची. परंतु घरातले तान्हे मूल दगावले की हाताने घडविलेले, जाड, करड्या रंगाचे दोन घट घेत. त्यांत मुलाला ठेवून, तोंडाला तोंड लावून, ते राहत्या घराच्या जमिनीखालीच आडवे पुरीत. मूल घराबाहेर जाऊ नये, अशीच ही माया असावी. घट साधे, बिनरंगाचे. शेजारी ठेवलेली तोटीची झारी व वाडगा मात्र लेप देऊन रंगविलेला.