शिबिराची पोरं गावात येतात तेव्हा

मी तुमची सहयोगिनी बोलतेय.

हिवाळा आला की कॉलेजची मुलंमुली सात दिवसांच्या शिबिराला गावात येतात. शाळेत मुक्काम, सकाळी झाडलोट, मग बंधारा, संध्याकाळी व्याख्यान. त्यांच्या जेवणाचं काम पुष्कळदा बचत गटाकडे असतं. भाकरी थापता थापता एखादी विचारतेच, "अभ्यास सोडून ही पोरं पाट्या का उचलतात? यातून शिकतात तरी काय?" या प्रश्नाचं उत्तर आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपासून शोधलं जातंय.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, स्वयंपाकही स्वतः करत, शेतात राबत. ज्या काळी शिवाशिव पाळली जायची, त्या काळी एकमेकांच्या हातचं जेवणं हाच मोठा धडा होता. तो पुस्तकात नव्हता. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा विकलं. संस्थेच्या इतिहासात हे बाईचं देणं विसरून चालणार नाही. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथंही 'कमवा आणि शिका' हीच रीत ठेवली.

दुसरी वाट वर्ध्याची. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी तिथं शिक्षण परिषद भरवली आणि 'नई तालीम' पुढे आली. सेवाग्रामला आशादेवी आर्यनायकम् आणि त्यांच्या पतींनी ती चालवली. मुलं सूत कातत, शेती करत, सफाई करत. पण काम झालं की विषय संपला, असं तिथं नव्हतं. सूत मोजताना गणित यायचं, सफाई करताना आरोग्य कळायचं. काम आणि धडा एकमेकांत विणलेले होते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला, की सगळ्याच विद्यार्थ्यांना सेवा सक्तीची करावी का? १९५९ मध्ये सी. डी. देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शालेय शिक्षण संपल्यावर नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा असावी, असं तिनं सुचवलं. पण खर्च झेपणारा नव्हता. शेवटी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिलाच मुलं 'एनएसएस' म्हणतात. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. यात विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास, असे दोन वर्षं काम करायचं आणि एक सात दिवसांचं शिबिर करायचं, अशी रीत पडली.

आता बायांनो, सेवा सेवेत फरक असतो. झाडू मारला की आवार स्वच्छ होतं आणि मुलाला कष्टाची लाज वाटेनाशी होते. हेही थोडं नाही. पण विज्ञानाच्या मुलीनं आपल्या विहिरीचं पाणी तपासलं, कॉमर्सच्या मुलानं गटाच्या वह्या जुळवायला मदत केली, तर तिचा अभ्यास तिला नव्यानं कळतो आणि आपलंही काम होतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठानं २००० साली २२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. सेवेचा मुलांना फायदा होतोच, पण ती अभ्यासक्रमाशी जोडली आणि तिच्यावर आपसात बोलणं झालं तर जास्त होतो, असं त्यात दिसलं. सेवाग्रामला हेच चाललं होतं.

म्हणून यंदा शिबिर ठरायच्या आधीच गटाच्या दोघी-तिघी ग्रामपंचायतीत जा. कॉलेजचे कार्यक्रम अधिकारी आले की सांगा, आमच्या गावाला अमुक गरज आहे, तुमची मुलं काय शिकतात ते सांगा, मेळ घालू. गेल्या वर्षीचा बंधारा टिकला का, तेही त्यांना दाखवा. एका संध्याकाळी व्याख्यानाऐवजी मुलांना आपल्यात बसवा. दिवसभर काय पाहिलं, काय कळलं नाही, ते त्यांना विचारा. दुष्काळ, हंडा, कर्जाचा हप्ता, हे आपल्याइतकं त्यांना कोण समजावणार?

आणि स्वयंपाकाला मुलांचीही पाळी लावा. मुलींनी भाकरी करायच्या आणि मुलांनी खोरं धरायचं, असं शिबिर नको. साताऱ्याच्या वसतिगृहातली मुलं शंभर वर्षांपूर्वी स्वयंपाक करत होती, तर आजच्या मुलांना जड का जावं?

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते मला कळवा.