डोंगराचे वजन आणि समोच्च रेषा

इसवी सन १७७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलीन यांच्यावर एक विलक्षण कामगिरी सोपविली: स्कॉटलंडमधील शिहॅलियन या डोंगराच्या आधारे अखिल पृथ्वीची घनता काढावयाची. न्यूटनच्या सिद्धान्तानुसार एवढ्या प्रचंड पाषाणराशीने जवळ टांगलेला ओळंबा यत्किंचित तरी आपल्याकडे ओढला पाहिजे. मॅस्केलीन यांनी डोंगराच्या दक्षिणेस व उत्तरेस ठाणे देऊन, धुक्यापावसातून सवड सापडेल तसे ताऱ्यांचे वेध घेऊन, ही ओढ दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ११.६ विकला असल्याचे निश्चित केले. परंतु डोंगराचे घनफळ कळल्यावाचून हिशेब पुरा होईना.

तो हिशेब वूलिचच्या सैनिकी विद्यालयातील गणिताध्यापक चार्ल्स हटन यांच्या वाट्यास आला. तरुणपणी न्यूकॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीत राबलेल्या या गृहस्थांपुढे मोजणीदारांनी उंचीच्या आकड्यांचे अरण्य आणून ठेवले होते. एका जागी आकड्यांची दाटी, तर दुसऱ्या जागी नुसता कोरा कागद. तेव्हा समान उंचीचे बिंदू पेन्सिलीच्या पुसट रेघेने जोडण्याची युक्ती त्यांनी योजिली, आणि जेथे मोजणी झालीच नव्हती तेथील उंचीही त्या रेघांवरून अजमावता येऊ लागली. १७७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गणितानुसार पृथ्वी पाण्याच्या साडेचार पट घन ठरली. आज मान्य असलेला आकडा साडेपाचच्या आसपास आहे.

समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या या समोच्च रेषांची कल्पना तत्पूर्वी पाण्याखाली वावरत होती. हॉलंडमध्ये क्रुकियस यांनी मेर्वेडे नदीचा आणि फ्रान्समध्ये ब्युआश यांनी इंग्लिश खाडीचा तळ समान खोलीच्या रेषांनीच दाखविला होता. कारण जो तळ दिसतच नाही, त्याविषयी शिसे बांधून सोडलेल्या दोरीच्या मापांखेरीज दुसरा पुरावा तो कोणता? डोंगर मात्र दिसतो, आणि दिसतो म्हणूनच नकाशे करणारे त्याचे चित्र काढण्याच्या मोहात दीर्घकाळ गुंतून राहिले. १७९९ साली सॅक्सनीतील लष्करी अधिकारी लेमान यांनी उताराच्या दिशेने आखूड रेघोट्या ओढण्याची, आणि चढ जितका तीव्र तितक्या त्या जाड करण्याची पद्धत नियमबद्ध केली. तिच्यातील छायाप्रकाशाची लष्करी कचेऱ्यांना भुरळ पडली, आणि समोच्च रेषांसाठी लागणारी मोजणीची यातायात व खर्च पाहता ती फार काळ टिकलीही. हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यात तर १९०५ च्या सुमारास ठरलेल्या सुधारणांनंतरच समोच्च रेषांची रंगीत पत्रके नेमाने निघू लागली.

रेघोट्यांनी चढ दिसे, पण त्याचे माप हाती लागत नसे. ते समोच्च रेषांमधील अंतराने दिले. आपल्याकडील १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर लगतच्या दोन रेषांच्या उंचीत सामान्यतः २० मीटरांचा फरक असतो. देशावरच्या माळावर त्या एक सेंटिमीटर दूर असतील, तर ५०० मीटर चालून २० मीटर चढावयाचे. सह्याद्रीच्या उतारावर तेच अंतर दोन मिलिमीटर उरले, की १०० मीटरांत तेवढाच चढ. आणि कड्याशी तर रेषा एकमेकींना चिकटूनच जातात. मात्र दोन रेषांच्या मध्ये काय आहे, याविषयी पत्रक मौन पाळते. पंधरा मीटरांचा सरळसोट तुटलेला कातळही तेथे बेमालूम लपू शकतो. म्हणून घाट चढणाऱ्याने दमाचा अदमास रेषांवरून बांधावा, वाट मात्र पायथ्याच्या गावातील वाटाड्यालाच विचारावी.