चांद्याचा परकोट आणि आमचं कामठा

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने रील पाठवली. जर्मनीतलं नॉर्डलिंगन नावाचं जुनं गाव. तटबंदीवरून चालत निघालं की 2.7 किलोमीटरनंतर माणूस परत त्याच जागी. खाली लिहिलं होतं, "आपल्याकडे असं काही आहे का?"

आहे ना! त्याच्या चौपट मोठं. चंद्रपूर, म्हणजे जुनं चांदा. परकोट सुमारे 11 किलोमीटरचा. मी कामठ्याचा, गोंदियाहून थेट गाडी, स्टेशनाचं नावच चांदा फोर्ट. तरी कधी पायी फिरलो नव्हतो. जानेवारीत गेलो. मे महिन्यात हा प्रयोग करू नका, चंद्रपूरचं ऊन माहीत आहेच!

सुरुवात जटपुरा गेटपासून. या भिंतीला चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. नावं ऐका: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. मसण खिडकीचं काम नावातच आहे. गेटखालून ऑटो, स्कूटी सुसाट जातात, पण एकदा मान वर करा. हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलाय. गोंड राजांचं चिन्ह.

गोष्ट अशी सांगतात की खांडक्या बल्लाळशाहच्या अंगावर फोड होते, ते झरपट नदीच्या पाण्याने बरे झाले. मग इथेच एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा सशाच्या नाही हं, ससा कुत्र्याच्या! तो जिथून जिथून पळाला, त्या वाटेने भिंत आखली म्हणे. दंतकथाच आहे, पण भिंत इतकी वळणं का घेते हे चालताना कळत नाही, तेव्हा तीच बरी वाटते.

अंचलेश्वरला मी सगळ्यात जास्त थांबलो. देवळाशेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यात बीरशाहची सगळ्यात देखणी, ती राणी हिराईने बांधून घेतली. राजांनी राण्यांसाठी काय बांधलं ते आपण शाळेत शिकतो, हे कोणी शिकवलं नाही. महाकालीचं देऊळही हिराईनेच नव्याने उभारलं.

पुढे सलग वरून चालता येत नाही. कुठे पडझड, कुठे घरं टेकलेली. मी गल्लीतून भिंत शोधत होतो. एक ऑटोवाला म्हणाला, "भाऊ, पायी काऊन फिरून राह्यले? बसा ना!" बसलो नाही, पण पठाणपुऱ्याला पोचेपर्यंत पाय बोलायला लागले होते. इथला बराच भाग झाडाझुडपांत, कचऱ्यात गडप झाला होता. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या मुलांनी सफाई सुरू केली, महिनोन्‌महिने. म्हणून आज निदान काही ठिकाणी तरी वर चढता येतं.

1751 मध्ये चांदा नागपूरच्या भोसल्यांकडे गेलं. आणि मे 1818? आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या तावडीतून निसटले, त्याच महिन्यात कर्नल ॲडम्सच्या फौजेने तोफांनी ही भिंत फोडली. किल्लेदार गंगासिंग शेवटपर्यंत लढला.

इथे मला आमचं कामठा आठवलं. त्याच 1818 मध्ये कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. कॅप्टन गॉर्डनची फौज आली, कामठा घेतलं, पटेलला पकडलं आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. एकाच वर्षात चांदाही पडलं, कामठाही. मी लहानपणापासून त्या गावात राहतो आणि हे नाव कळलं कधी, तर पॉडकास्टसाठी वाचायला लागल्यावर!

बिनबा गेटला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बिनबा ते जटपुरा हा शेवटचा तुकडा राहून गेला. चोर खिडकी पुढच्या वेळी. कोणी सोबत येत असेल तर मेसेज टाका, पण सकाळी सहाला निघायची तयारी ठेवा.