पट्टा किती टिकतो? ऑईल इंजिनापासून एटीव्हीपर्यंत

या भागाचं लिखित रूप वाचणाऱ्यांना आधी एक गोष्ट सांगतो. बोलताना मी पट्टा आणि बेल्ट असे दोन्ही शब्द वापरलेत, ते इथेही तसेच ठेवलेत. चामड्याचा किंवा कापडाचा असला की पट्टा आणि रबराचा झाला की बेल्ट, असं आपल्याकडे साधारण बोललं जातं.

प्रश्न साधा आहे. एटीव्ही, म्हणजे ती चार जाड चाकांची, रानावनात, चिखलात, वाळूत चालणारी मोकळी गाडी, तिच्यातला बेल्ट किती टिकतो? या गाड्या आपल्याकडे अजून शेतीपेक्षा पर्यटनाच्या ठिकाणीच जास्त दिसतात. उत्तर मागितलं तर लोक किलोमीटर सांगतात. एकाचा बेल्ट काही हजार किलोमीटर निवांत चालतो, दुसऱ्याचा पहिल्याच चिखलात जळतो. गाडी तीच, बेल्ट तोच, मग एवढा फरक का? हे समजून घ्यायला अमेरिकेत जायची गरज नाही. साताऱ्याहून सांगलीकडे जाणारी रेल्वे पकडली तरी पुरे.

या मार्गाच्या आसपास सातारा रोड आणि किर्लोस्करवाडी ही दोन ठिकाणं आहेत, आणि दोन्ही ठिकाणचे कारखाने आपल्या यंत्रांच्या इतिहासातले मोठे कारखाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातला कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. हे कूपर १९३७ मध्ये थोड्या महिन्यांसाठी मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधानही होते, मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. नांगरापाठोपाठ त्यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली.

त्या काळातला कुठलाही कारखाना डोळ्यांसमोर आणा. इंजिन एक आणि यंत्रं वीस. छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब शाफ्ट फिरतोय, त्यावर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खालच्या लेथला, ड्रिलला उतरणारा एकेक पट्टा. यंत्र थांबवायचं तर इंजिन बंद करायचं नाही. यंत्राच्या शाफ्टवर शेजारी शेजारी दोन पुल्या असत, एक शाफ्टला घट्ट बसवलेली आणि दुसरी मोकळी फिरणारी. दांड्याने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की यंत्र थांबलं, परत घट्ट पुलीवर आणला की सुरू. म्हणजे पट्टा हाच क्लच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे एटीव्हीत ती पुन्हा येणार आहे.

चपटा पट्टा पुलीवरून घसरून पडत कसा नाही, हे मला लहानपणी जादूच वाटायचं. पुली नीट पाहिली तर ती मधे किंचित फुगीर असते. फिरणारा पट्टा नेहमी सर्वांत मोठ्या घेराकडे चढत जातो, म्हणून तो मधोमध राहतो. दोन पुल्या एका रेषेत नसल्या तर मात्र हा फुगीरपणाही त्याला वाचवत नाही. पट्टा कडेला घासत राहतो आणि एका बाजूने झिजतो.

कारखान्यातून हा पट्टा शेतात आला तो ऑईल इंजिनाबरोबर. कृष्णाकाठी मोटेची जागा पंपाने घेतली तेव्हा वीज अजून गावोगाव पोचायची होती. एकच इंजिन हंगामात विहिरीवर पंप ओढायचं, गुऱ्हाळात उसाचा चरक फिरवायचं, नाहीतर गावात पिठाची गिरणी चालवायचं. जोडणी पट्ट्याची असल्यामुळेच हे जमायचं. पट्टा उतरवला की इंजिन मोकळं.

पट्टा किती टिकणार, हे तेव्हा चालवणाऱ्याच्या हातात होतं. केसांची गुळगुळीत बाजू पुलीकडे ठेवायची, कारण ती पुलीला जास्त धरते. ओढणारी बाजू खाली आणि सैल बाजू वर ठेवायची, म्हणजे वरची बाजू लोंबून पुलीला जास्त मिठी मारते. चामडं कोरडं पडलं तर एरंडेल लावायचं. पट्टा घसरू लागला की काही जण त्यावर राळ टाकत. तेवढ्यापुरता तो धरायचा, पण राळेचे थर साचून पट्टा कडक व्हायचा आणि लवकर भेगाळायचा. आवाजाची ओळख तर सगळ्यांनाच होती. जोडावरून पट्टा गेला की ठराविक अंतराने टप्, टप् असा आवाज यायचा. तो बदलला की वादी तुटायला आली हे गिरणीवाल्याला पीठ चाळता चाळता कळायचं. जोड उसवायचा, वीतभर तुकडा कापायचा, परत शिवायचा. एक पट्टा असा वर्षानुवर्षं आखूड होत जगायचा.

या मोकळेपणाची किंमतही होती, आणि ती मोठी होती. उघड्या पट्ट्यात धोतराचा सोगा, पदर, हात अडकायचे. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं २२ वं कलम वाचलं की किती अपघातांनंतर ते लिहिलं गेलं असेल याचा अंदाज येतो. फिरत्या पुलीवरच्या पट्ट्याला हात लावायचा तर माणूस प्रशिक्षित हवा, कपडे अंगाबरोबर घट्ट हवेत, पट्टा १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, आणि त्याचा जोड शिवलेला किंवा सपाट हवा. वर आलेल्या एका टोकदार क्लिपेने माणसाचा हात जायचा, म्हणून जोडासाठी कायद्यात वेगळं वाक्य! जुन्या पट्ट्यांबद्दल हळवं होताना हे कलम मी आवर्जून आठवतो.

मग दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबर आणि कापडाचा व्ही-बेल्ट आणला होता, तो हळूहळू इकडेही पोचला. हा बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो आणि दोन्ही कडांनी पकडतो. जागा कमी लागते, घसरतो कमी. पण तो अखंड वळ्याचा असतो. कापून शिवता येत नाही, तुटला की नवा आणायचा. दुसरी गोष्ट म्हणजे वीज. मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेले मोनोब्लॉक पंप आले आणि विहिरीवरून पट्टा गेलाच. लेथला स्वतःची मोटर लागली, छताखालचा शाफ्ट भंगारात गेला.

पट्टा परत आला तो रस्त्यावरून, आणि बंद पेटीतून. साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली आणि तिची प्रिया स्कूटर घरोघरी गेली. प्रियात पट्टा नव्हता. डाव्या हाताने गिअर टाकायचे आणि ताकद दातेरी चाकांतूनच मागच्या चाकाला जायची. पट्ट्याची वाट वेगळीकडून आली. हॉलंडच्या डॅफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी बेल्टवर चालणारी बिनगिअरची मोटार दाखवली. १९८४ मध्ये कायनेटिक होंडाने तेच तत्त्व आपल्या स्कूटरमध्ये आणलं. पुढे बिनगिअरच्या गाड्यांनी गिअरच्या स्कूटर जवळपास संपवल्या. एटीव्हीत पोलारिसने १९८५ पासून बेल्ट वापरला. ही कंपनी मूळची बर्फावरच्या गाड्यांची, आणि त्या गाड्यांत अशीच बेल्टची रचना असायची.

या पेटीत पुलीचे दोन भाग असतात, दोन बशा पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखे. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पुढच्या पुलीच्या बशा जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीच्या बशा तेवढ्याच फाकतात. गिअर न टाकता गिअर बदलत राहतो. स्कूटरमध्ये मागे वेगळा क्लच असतो, त्यामुळे निघताना क्लच घसरतो आणि बेल्ट वाचतो. बऱ्याच एटीव्हींत हा वेगळा क्लच नसतो. इंजिन मंद चालू असताना बेल्ट सैल पडून असतो, रेस दिली की पुली त्याला चिमटीत धरते. म्हणजे किर्लोस्करवाडीच्या जमान्यातल्या मोकळ्या पुलीचंच काम, बेल्ट हाच क्लच. गाडी चिखलात रुतलेली आहे, चाक फिरत नाही आणि तुम्ही रेस पिळताय, तर आत पुढची पुली एकाच जागी बेल्ट घासत बसते. तेवढ्या जागी बेल्ट अरुंद होतो. नंतर सपाट रस्त्यावरही गाडी धक्के देत चालते, आणि मालक म्हणतो बेल्ट खराब निघाला.

बेल्टला मारते ती उष्णता. रबरी बेल्टच्या कारखानदारांचा एक ढोबळ हिशेब आहे, बेल्टचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणून नुसते किलोमीटर सांगून काही कळत नाही. रोज यवतेश्वर घाट दोघांना घेऊन चढणारी साताऱ्याची स्कूटर आणि सांगलीच्या सपाटीवर बाजारात जाणारी स्कूटर, दोघींचा मीटर वीस हजार दाखवत असला तरी आतले बेल्ट एका वयाचे नसतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पेटीत शिरलेला गाळ पुलीच्या बशांना सँडपेपरसारखा घासतो. बशा खडबडीत झाल्या की नवा बेल्टही फार दिवस काढत नाही, त्यामुळे नुसता बेल्ट बदलून भागत नाही.

आता ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी. एटीव्ही ताशी दहा-बारा किलोमीटरच्या खाली चालवायची असेल, ओझं ओढायचं असेल किंवा चढ असेल, तर लो गिअर टाका. बेल्ट वाचवणारी याहून मोठी गोष्ट नाही. नवा बेल्ट घातल्यावर पहिले ऐंशी-एक किलोमीटर दमाने, म्हणजे त्याच्या कडा पुलीला बसतात. पाण्यातून गेल्यावर रेस दिली आणि गाडी पुढे सरकली नाही, तर बेल्ट ओला आहे. न्यूट्रल करा, पेटीचं बूच काढून पाणी सोडा, थोडी रेस देऊन वाळू द्या. जळक्या रबराचा वास आला तर थांबून पेटी गार होऊ द्या. जुना बेल्ट अजून धडका असेल तर टाकू नका, सीटखाली ठेवा. रानात तुटला तर घरी आणेल. बदलताना बेल्टच्या कडा बोटाने चाचपून बघा. एका जागी चकचकीत, अरुंद खळगा लागला तर गाडी कुठे रुतली होती ते आठवेल. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर बेल्टने त्याचं वय पूर्ण केलं. एकच कड झिजली असेल तर पुल्या एका रेषेत आहेत का, हे नवा घालायच्या आधी मेस्त्रीला बघायला सांगा.