अंधाऱ्या खोलीतून बाहेर

मार्च १९६२. ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. हेल्मेटचा काळ नव्हता. कवटीला तडा गेला. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होता. पॉली उम्रीगर होते, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि पुण्याचे चंदू बोर्डेही होते. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी कवटीत धातूची पट्टी बसवली. ती निघाली थेट २०२२ साली, मुंबईत. कॉन्ट्रॅक्टर दहा महिन्यांत प्रथम श्रेणीच्या मैदानावर परतले. कसोटी मात्र पुन्हा लाभली नाही.

ही जखम दिसत होती, म्हणून सगळे धावले. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, दिसत नाही. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, आणि मुलगा म्हणतो, डोके जड आहे, अक्षरे हलतात. आपल्याकडे अशा वेळी 'झोपू देऊ नका' म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून अंथरुणावरून उठू देत नाहीत! डॉक्टरांचेही फार वेगळे नव्हते. २००१च्या व्हिएन्ना परिषदेपासून बरीच वर्षे मंत्र एकच होता: लक्षणे जाईपर्यंत पूर्ण विश्रांती. अंधारी खोली, पुस्तक नाही, पडदा नाही.

या मंत्राला पुरावा किती होता? फारसा नव्हता. २०१५मध्ये मिलवॉकीत काही मुलांना पाच दिवस कडक विश्रांती दिली, काहींना एक-दोन दिवस. जास्त पडून राहिलेल्यांनीच जास्त तक्रारी सांगितल्या.

बफेलोचे जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी रुग्णाला ट्रेडमिलवर चढवले होते. चढ हळूहळू वाढवत न्यायचा. डोकेदुखी वाढू लागली की थांबायचे आणि नाडी मोजायची. त्यांच्या चमूच्या एका लहानशा अभ्यासात, लक्षणे रेंगाळलेल्या खेळाडू मुलींमध्ये श्रमाच्या वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड जरा जास्त राहतो असे दिसले. हा वायू मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतो. प्रवाह गरजेपेक्षा वाढतो आणि डोके ठणकते. म्हणजे बिघाड 'मनाचा' नव्हता, पाणी सोडणाऱ्या झडपेचा होता. सहन होईल इतक्याच व्यायामाने ती झडप पुन्हा जागेवर येत होती.

२०१९मध्ये त्यांनी १०३ किशोरवयीन खेळाडूंवर प्रयोग केला. रोज वीस मिनिटे व्यायाम करणारे सरासरी १३ दिवसांत बरे झाले, नुसते ताण देणारे १७ दिवसांत. चार दिवस थोडे वाटतात. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला विचारा. २०२२च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेने पहिल्या एक-दोन दिवसांच्या सापेक्ष विश्रांतीतही हलके चालणे मान्य केले.

मुळशीत भऱ्यासारख्या गावी कबड्डीत डोके आपटलेल्या पोराला ट्रेडमिल कुठून मिळणार? पण नाडीला यंत्र लागत नाही. डोकेदुखी १५० ठोक्यांना वाढत असेल, तर १२०पर्यंतच. शिवारातली वाट चालायला तेवढे पुरते. उलट्या, वाढती गुंगी, झटके किंवा अधिकाधिक दुखणारे डोके असेल, तर मात्र चालणे नाही, गाडी काढून थेट रुग्णालय. आणि कबड्डी? डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.